बिनदोऱ्याच्या ओळी

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी शिवरंजनी येडशीला माहेरच्या शेतावर पोचली. लेक ठकू कडेवरच झोपलेली. बांधावर पाय ठेवला आणि ती थबकली. हरभऱ्याचं रान अर्धं बोडकं झालं होतं.

आधी वाटलं, हरणं. रामलिंगच्या जंगलातून उतरतात आणि पहाटेपर्यंत शेंडे खुडून जातात. पण हरीण ओळ धरून खात नाही. इथं एक ओळ जशीच्या तशी उभी, शेजारची मुळासकट गायब, पुन्हा एक उभी, पुन्हा एक गायब. उभ्या राहिलेल्या प्रत्येक झाडाच्या बुडाशी लाल दोरा होता.

"आलीस व्हय?" तिचे वडील दगडोबा कडब्याच्या कोपीतून बाहेर आले. रात्रभर जागल्यानं डोळे तांबारले होते, पण तोंडावर असा आनंद की जणू पोरीचं लग्न एकट्यानं निभावून नेलंय. "बग जा, मोज. एका बी दोऱ्याला हात लागू दिला न्हाय म्या!"

कोपीच्या सावलीला चाँदपाशा बसले होते, शेजारच्या रानाचे मालक आणि दगडोबांचे शाळेपासूनचे जोडीदार. काल आंबिलीचं मडकं इथंच राहिलं, ते न्यायला आलेले.

"पोरी, तुझा बाप काल येडा झाला हुता बघ," चाँदपाशा म्हणाले. "सारं जग येळवशीला शेंगा-पाल्याची भज्जी खातंय, आंबील पितंय, आन् ह्यो काठी घिऊन उभा. माझी नातवंडं हरभऱ्याचे ढाळे उपटाया गेली तर अंगावर धावला. म्हणला, लाल दोऱ्याला हात लावला तर तंगडं मोडीन. म्या म्हणलं, दगडूभाऊ, येळवशीला कुणी राखण करतं का रं? कोपीतली लक्ष्मी बी हसत आसंल तुला."

"हसू दे," दगडोबा म्हणाले. "लेकीचं बियाणं हाय त्ये. सरकारनं दिलेलं काम हाय."

"आणि बिनदोऱ्याच्या ओळी, आबा?" शिवरंजनीनं विचारलं.

"त्या दिल्या की लोकांला. येळवशीला रानात आल्याला न्हाय कसं म्हणावं? झाडं बी कशी लागली हुती म्हणतीस! घाटे नुसते टच्च. पाशाभाईच्या घरचे, तुज्या मामाकडचे, टेसनातले दोघं मास्तर, समद्यांनी खाल्लं. लई नाव काढलं."

ती बांधावर बसली. ठकू जागी झाली आणि पदर ओढायला लागली. शिवरंजनीनं तिला पदराखाली घेतलं आणि तिच्या डोक्यावरून समोरच्या रिकाम्या ओळींकडे बघत राहिली.

चूक तिचीच होती. धाराशिव, कळंब, भूमच्या गावागावांतून, म्हाताऱ्यांच्या गाडग्यांतून गोळा केलेले हरभऱ्याचे तीस जुने वाण. प्रत्येकाच्या दोन ओळी. एक पेरणीनंतर कोरडीच ठेवायची, दुसरीला दोन पाणी द्यायचं, आणि कोणता वाण पाण्यावाचून किती तग धरतो ते ताडून बघायचं. कोरड्या ओळींना चुकून पाणी जाऊ नये म्हणून तिनं त्यांनाच लाल दोरा बांधला आणि बापाला सांगितलं, दोरेवाली झाडं जपा. दगडोबांच्या हिशेबी दोरा बांधलेलं झाड म्हणजे बियाण्याला राखलेलं झाड. त्यांच्या बापानं, आज्यानं तेच केलं होतं. राखलेलं सोडून बाकीचं रान खायला. ती दहादा म्हणाली होती, आबा, दोन्ही लागतात. ते दहादा हं म्हणाले होते. आणि काल तिला इथं येता आलं नव्हतं, कारण सून येळवशीला सासरच्या रानात असते. तिनं कळंबला दिवसभर पंगती वाढल्या.

"का गं, गप का?" दगडोबांनी विचारलं.

"काही नाही, आबा. चांगलं राखलंत."

हरभरा गेला याचं दुःख नव्हतं. शिवरंजनीला केंद्र सरकारची संशोधनाची शिष्यवृत्ती होती. परीक्षा ती चौथ्या खेपेला पास झाली होती, वयाची अट संपायला चार महिने असताना. पहिली दोन वर्षं कनिष्ठ; मग तिघांची समिती काम बघते आणि वरिष्ठ करते, नाहीतर तिथंच थांबवते. थांबवली की पुन्हा अर्ज करायला वय उरत नाही. समितीला दोन हंगामांचे आकडे लागतात. पहिला हंगाम लग्नाच्या वर्षी हाताशी आला. दुसऱ्या हंगामाला, ऐन पेरणीच्या आठवड्यात, ठकू झाली. समितीची तारीख एकदा पुढं ढकलून मिळाली होती. म्हणून हा हंगाम, आणि हा शेवटचा.

तेव्हा रजा मिळत होती. नियमातच होती, आठ महिने, शिष्यवृत्ती चालू ठेवून. तिनं अर्ज लिहूनसुद्धा नेला होता. तिचे मार्गदर्शक गुंडाप्पा सर, माणूस वाईट नव्हे, त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि तिच्या हातात परत दिला.

"शिवा, रजेचा अर्ज टाकलास की फाईल दिल्लीला. गेली की परत येत नाही गं. एकीची दोन वर्षं आली नाही. तू निवांत माहेरी जा. हजेरीचं मी बघतो."

ती माहेरी गेली. सव्वा महिन्यानं उठून विद्यापीठात आली आणि मस्टरवर मागच्या सगळ्या तारखांना एका बैठकीत सह्या केल्या. मग दर महिन्याला एकदा येऊन तसंच, मे संपेपर्यंत. सरांच्या हाताखालीच शिष्यवृत्तीवर काम करणारी उझमा शेजारी बसून ठकूला खेळवत होती आणि हसत होती, "ताई, तुमची पोरगी सगळ्यात लहान वयाची साक्षीदार आहे."

आता गुंडाप्पा सरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत समोर बसवून चहा सांगितला.

"पहिल्या हंगामाचे पाण्यावरचे आकडे आहेत ना तुझ्याकडे?"

"आहेत."

"मग झालं. तेच घे, थोडे वर-खाली कर. पाण्यावरचा हरभरा पाण्यावरच्यासारखाच येणार. समितीतला कोण येडशीला येऊन घाटे मोजणार आहे?"

"सर, ते आकडे या सालचे नाहीत."

"अगं बाई, तू काय औषध काढतीयेस का, की माणूस मरंल? हरभरा आहे तो."

तिनं घरी येऊन तक्ता उघडला. डावीकडं कोरडं, उजवीकडं पाण्यावरचं. ठकू दुपारची झोपली की ती बसायची. तीन दिवस बसली. एका वाणापुढं तिनं आकडा लिहिलासुद्धा. ईट गावच्या एका म्हातारीनं तो वाण देताना मूठ आवळून धरली होती, सोडवत नव्हती तिला. "नासवू नगंस गं माय," एवढंच म्हणाली होती. शिवरंजनीनं तो आकडा खोडला आणि उजवा रकाना रिकामा ठेवला.

समिती होळीच्या आधीच्या आठवड्यात बसली. उझमा बाहेर व्हरांड्यात ठकूला घेऊन उभी होती. आता तिलाही सातवा लागला होता, पोटावर ठकूला टेकवून ती तिला खिडकीतली चिमणी दाखवत होती. आत तिघं. गळ्याला मफलर गुंडाळलेले अध्यक्ष, मोबाईलमधून मान वर न काढणारे एक, आणि एक बाहेरगावच्या मॅडम. खरं तर वाचून आलेल्या त्या एकट्याच होत्या. गुंडाप्पा सर कोपऱ्यातल्या खुर्चीत.

शिवरंजनी वीस मिनिटं बोलली. चांगली बोलली. मधेच बाहेर ठकू रडल्याचा आवाज आला आणि पान्हा फुटून पोलकं ओलं झालं. पदर सारखा करून ती बोलतच राहिली.

"तक्त्यात हा रकाना रिकामा का?" मॅडमनी विचारलं.

"ती झाडं राहिली नाहीत, मॅडम."

"रोग पडला?"

"नाही. येळवशीला पाहुण्यांनी खाल्ली."

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे सरकारी संशोधनाची भज्जी झाली म्हणा!" आणि हसले. मोबाईलवाल्यांनी पहिल्यांदा मान वर केली. अध्यक्षांपाठोपाठ सगळ्यांत आधी हसले ते गुंडाप्पा सर.

मॅडम हसल्या नाहीत. "खरं सांगितलंत हे बरं केलंत. निदान रकाना भरून आणला नाहीत. एक हंगाम अपघातात गेला असं धरता येईल. पण त्याच्या आधीचा हंगाम? त्या वर्षी तुम्ही पेरणीच केलेली नाही."

"मला मुलगी झाली."

"अभिनंदन. रजा कधीपासून होती?" त्यांनी फाईल चाळली. पुढं गेल्या, मागं आल्या. "रजा दिसत नाही इथं. तुम्ही रोज हजर आहात. ऑक्टोबर ते मे, एक दिवस चुकलेला नाही. मुलगी कधीची?"

शिवरंजनीनं तारीख सांगितली. खोटी सांगावी असं मनातसुद्धा आलं नाही. आईला ती तारीख खोटी सांगता येत नाही.

मॅडमनी पान शोधलं आणि फाईल तिच्याकडे फिरवली. "त्या दिवशीही तुमची सही आहे."

सही सुरेख होती. एका बैठकीत केलेल्या सगळ्या सह्यांसारखी, एकाच पेनाची.

"रजा घेतली असतीत, तर तो हंगाम मी स्वतः वगळला असता," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता आणि तेच जास्त लागलं. "नियमच तसा आहे. तुमच्यासाठीच केलेला. आता कागदावर असं दिसतंय की तुम्ही आठ महिने रोज आलात आणि काहीच केलं नाहीत. त्याला मी काय लिहू?"

शिवरंजनीनं गुंडाप्पा सरांकडे पाहिलं. ते पाण्याचा ग्लास टेबलावर गोल फिरवत होते. एक शब्द बोलली असती तर त्यांची नोकरी अडचणीत आली असती आणि त्यांच्या हाताखालच्या चौघांच्या फायली उघडल्या असत्या. त्यात एक बाहेर उभ्या असलेल्या उझमाची. आणि मस्टरवर हात तर तिचाच चालला होता. एका रकान्याशी खरं वागून ती आत आली होती, आणि दोनशे खोट्या सह्या तिच्या आधीच येऊन बसल्या होत्या.

"काही सांगायचंय?" अध्यक्षांनी घड्याळाकडं बघत विचारलं.

"नाही, सर."

शेरा अर्ध्या तासात मिळाला. असमाधानकारक. पुढील कालावधीसाठी शिफारस नाही.

व्हरांड्यात तिनं ठकूला घेतलं. उझमाला तिच्या तोंडावरूनच कळलं होतं.

"उझमा, रजेचा अर्ज आजच टाक."

"सर म्हणतात फाईल अडकती."

"अडकू दे. अडकलेली फाईल दाखवता येते."

त्या रविवारी ती येडशीला गेली. दगडोबा वाटच बघत होते, चाँदपाशाही होते. शेत मोकळं झालं होतं. कोपीत तीस पुरचुंड्या रांगेनं मांडलेल्या होत्या, प्रत्येकीला तिच्या तिच्या ओळीचा लाल दोरा. एक दाणा इकडचा तिकडं नाही.

"काय म्हणले सायेब लोक?"

तिनं वाटेतच ठरवलं होतं. "राखणीचं लई नाव काढलं, आबा. पण मीच सोडली शिष्यवृत्ती. ठकू लहान आहे. जमंना."

तिला वाटलं, चिडतील. विचारतील तरी. पण बापाचा चेहरा सैल झाला, आणि चाँदपाशांनीही मान डोलावली.

"झ्याक केलंस," दगडोबा म्हणाले. "पोरगी आधी. शिकणं काय, लई शिकलीस."

"व्हय, पोरी, अल्लानं अक्कल दिली तुला," चाँदपाशा म्हणाले आणि ठकूचा गालगुच्चा घेतला. "ह्या बयेपुढं सरकार काय चीज!"

कळंबला सासू तुळजाबाईसुद्धा हेच म्हणाल्या होत्या, नवराही. हे खोटं तिनं प्रत्येकाला एकदाच सांगितलं होतं आणि एकालाही शंका आली नव्हती. इतकी वर्षं जणू सगळे ह्याच वाक्याची वाट बघत होते. ठकू तिच्या मांडीवर बसून एका पुरचुंडीचा दोरा चोखत होती. सगळं आपल्यावर ढकललंय, याची त्या बिचारीला खबरही नव्हती.

चाँदपाशा गेले. दगडोबांनी रिकामं पोतं झटकलं.

"मंग आता ह्ये समदं एकात केलं तर चालंल न्हवं? डाळीला हुईल."

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की ठकू दचकली. "वेगळंच राहू द्या. पुढच्या साली पेरायचंय."

"कुणाला दावाया?"

"कुणाला नाही."

"बरं. पेरू की." पोत्याची घडी घालता घालता त्यांनी सहज विचारलं, "पाण्यावर का कोरडं?"

"दोन्ही, आबा. दोन्ही असल्याशिवाय..."

ती थांबली, पण शब्द बाहेर पडला होता. दगडोबांचे हात घडीवरच राहिले. त्यांनी तीस पुरचुंड्यांकडे पाहिलं. मग कोपीच्या दारातून बाहेर, जिथं येळवशीला माणसं गोल बसली होती त्या मोकळ्या रानाकडे.

"शिवे," ते म्हणाले, "त्ये बिनदोऱ्याचं... त्ये बी लागत हुतं व्हय गं?"

शिवरंजनीनं ठकूच्या तोंडातला दोरा हळूच काढला. तो ओला झाला होता, लाल रंग पोरीच्या ओठाला लागला होता.

"पाणी द्या जरा, आबा," ती म्हणाली. "हिचं तोंड पुसायचंय."