डाव्या चाकाचा हिरवा बोल्ट

मालक ट्रकजवळ येऊन उभे राहिले तेव्हा मिस्त्री ट्रकखाली पाठीवर पडलेला होता. ब्रेकचा एक गंजलेला बोल्ट सकाळपासून दाद देत नव्हता. तेल मारून झालं, हातोडीने ठोकून झालं. आता पान्याच्या दांड्यात लांब पाइप अडकवून मिस्त्री अंगातला सगळा जोर त्यावर लावत होता.

"मिस्त्री, जरा बाहेर ये."

"थांबा मालक, आलाच. आता हात काढला तर सकाळपासूनची मेहनत पाण्यात."

एरवी मालकांनी दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी ते तसेच थांबले. मिस्त्रीला खालून फक्त त्यांचे बूट दिसत होते. बूट जागचे हलत नव्हते. मग बोल्टने कट्‌कन आवाज केला आणि सुटला. मिस्त्री खुशीत बाहेर सरकला, "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याने मालकांच्या हातातला फोन पाहिला, आणि त्यांचा चेहरा पाहिला.

त्याची बायको बेकरीच्या दारात कोसळली होती. ती बेकरीचा माल आपल्या छोट्या व्हॅनमधून दुकानादुकानांत पोचवायची. पावाचे क्रेट चढवता चढवता छातीत कळ आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. व्हॅन बेकरीसमोरच उभी होती, मागचं दार उघडं.

लोक येऊन भेटून गेले. मिस्त्री कामावर परत आला. पण एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. ती त्याने फक्त पैलवानला सांगितली. पैलवान म्हणजे गॅरेजमधला त्याचा जुना जोडीदार, अंगाने काडी, म्हणून सगळ्यांनी ठेवलेलं नाव.

"तो बोल्ट अडकलेला होता ना, तोवर माझ्या लेखी ती जिवंत होती. मीच घाई करून सोडवला."

"काहीतरी बोलू नकोस," पैलवान म्हणाला. पण त्या दिवसापासून कुठल्याही गाडीत बोल्ट अडकला की तो गुपचूप मिस्त्रीच्या हातातून पाना घ्यायचा आणि स्वतः खाली शिरायचा. मिस्त्री दिवे, वायरिंग असली कामं करत राहिला. मालक बघून न बघितल्यासारखं करत.

व्हॅन पैलवाननेच घरी आणून गेटसमोर लावली होती. मिस्त्री तिच्यात एकदाही बसला नाही. ऊन झालं, पाऊस झाला, गाडी तिथेच. उभ्या गाडीला गंज किती लवकर धरतो हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. एकदा त्याने सहज ढकलून पाहिली. चारही चाकं जाम. तो हात झटकून घरात आला.

मग एके दिवशी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, घरात सगळे तिला छोटी म्हणत. शिवणाचा कारखाना बंद पडल्यापासून ती घरी बसून होती. आल्या आल्या तिने खुर्ची ओढली.

"भावोजी, बेकरीवाल्यांनी ताईचा फेरा अजून कुणाला दिला नाही. मला देतो म्हणतात. पण सोमवारी गाडी घेऊन यायचं. नाही आले तर दुसरा माणूस तयार आहे."

"तुला कुठे चालवता येते?"

"ताईनेच शिकवली. परवानाही काढला. तुम्हाला सांगितलं नाही, कारण मागचा दिवा मी फोडला होता."

"मला म्हणाली कुत्रं आडवं आलं."

"ते कुत्रं मीच."

मिस्त्रीला हसू आलं, आणि अर्ध्यावरच गेलं. छोटीच्या घरी दुसरं कुणी कमावणारं नव्हतं हे त्याला ठाऊक होतं. "गाडी घेऊन जा," तो म्हणाला, "पण ब्रेक पकडलेत. आधी ते सोडवायला हवेत. मी करतो."

करतो म्हणाला खरा, पण रात्री त्याला झोप आली नाही.

शनिवारी त्याने मागची चाकं घेतली. ठोकून ठोकून ती मोकळी झाली. पुढच्या चाकांना कॅलिपर होते, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळीला दोन्हीकडून आवळणारा चिमटाच. उजवीकडचा चिमटा फारसा त्रास न देता निघाला. डावीकडचं चाक त्याने काढलं, आत पाहिलं, आणि हात पुसत उठला. "हे उद्या," म्हणाला.

डाव्या चिमट्याला हिरवा रंग होता.

तो गेटचा रंग होता. बायकोने गेट बाहेरून रंगवलं, आणि आतली बाजू तशीच ठेवून उरलेला रंग गाडीच्या चाकात घातला. एक चिमटा रंगवला आणि डबा संपला. मिस्त्री घरी आला तेव्हा ती हातात ब्रश घेऊन कौतुकाने बघत उभी होती.

"अगं, बोल्टवर रंग लावतात का कुणी? उद्या तो सुटायचा कसा?"

"सुटायला कशाला हवा? घट्ट असलेलाच बरा ना, ब्रेकचा आहे तो."

"आणि गेटची आतली बाजू?"

"आतून कोण बघतंय? आपणच. तुम्ही डबा आणा, मी लावते."

"आणतो," तो म्हणाला होता, चिडूनच.

रविवारी सकाळी तो परत खाली बसला. छोटी बाजूला तेलाची बाटली धरून. बोल्ट खरं तर लोखंडी ब्रशने घासायचा असतो, पण मिस्त्रीने नुसता फडक्याने पुसला. तेल सोडलं. हलके ठोके दिले. मग तो नव्या माणसांना शिकवायचा तसंच केलं: आधी किंचित आवळायचा, गंजाची पकड मोडायची, मगच उलटा फिरवायचा. बोल्ट हलला नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. पाना मात्र घसरला आणि बोल्टचा एक कोपरा झिजला.

छोटी म्हणाली, "भावोजी, रागावू नका. पण तुम्ही जोर लावतच नाही आहात."

तेवढ्यात पैलवान आला, खांद्यावर गॅसची छोटी टाकी.

"अजून एकदा घसरला ना, की डोकं गोल होईल बोल्टचं. मग बस ड्रिल मारत. गरम कर, लगेच सुटेल."

"रंग जळेल."

"रंगाचं काय घेऊन बसलास?" पैलवान म्हणाला. मग त्याने गेटकडे पाहिलं, चाकात पाहिलं, आणि टाकी खाली ठेवली.

छोटी गुडघ्यांवर बसून आत वाकली. रंगात ब्रशचा एक केस चिकटून वाळला होता. तिने त्याला बोट लावलं. "ताई आमच्याकडे येऊन पोट धरून हसत होती. म्हणाली, चाकाला नेलपॉलिश लावलं तर तुझे भावोजी असे भडकले, असे भडकले."

तिने बोट मागे घेतलं. मग तीच म्हणाली, "पैलवानदादांना करू द्या ना. तुम्ही घरात जा."

मिस्त्री खरंच उठला. गेटपर्यंत गेला, कडीला हात लावून उभा राहिला. जाम ब्रेकची गाडी रस्त्यावर एका बाजूला ओढते. असली गाडी पोरीच्या हातात दिली असती तर बायकोने त्याला घरात घेतलं नसतं. आणि न द्यावी, तर सोमवारी बेकरीत दुसराच माणूस उभा.

तो परत आला. "दे इकडे," पैलवानला म्हणाला.

त्याने बोल्टवरचं तेल कोरडं पुसलं. शेजारचा रबरी पाइप ओल्या फडक्याने गुंडाळला. मग ज्योत लावली. हिरव्या रंगाला आधी फोड आले, मग तो तपकिरी झाला, मग काळा. ब्रशचा केस केव्हा जळाला ते दिसलंसुद्धा नाही. वास मात्र बराच वेळ राहिला. छोटीने पदर नाकाला लावला, की डोळ्यांना, ते त्याने पाहिलं नाही.

ज्योत बंद करून तो गाडीखाली आडवा झाला. पाना बसवला. किंचित आवळला. मग पाइप अडकवून त्याने अंगातला सगळा जोर त्यावर लावला.

कट्‌कन आवाज आला आणि बोल्ट सुटला.

मिस्त्री तसाच पडून राहिला, पाना हातात. गाडीखालून त्याला पैलवानच्या चपला दिसत होत्या आणि छोटीचे पाय. दोघंही हलत नव्हते.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"कुठे काय?" पैलवान म्हणाला. "सुटला."

"आणखी काही?"

"काही नाही रे. ये बाहेर."

पुढचं काम सरळ होतं. चिमटे साफ करून बसवले, नवे ब्रेकपॅड घातले, ब्रेकचं तेल बदललं. तेल बदललं की पाइपात हवा राहते, ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पायाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने खाली चाकाशी बसून हवा सोडायची. इतकी वर्षं आत बायको बसायची. "दाब" म्हटलं की आतून आवाज यायचा, "दाबलाय! झोपलात की काय खाली?"

"दाब," मिस्त्री म्हणाला.

"दाबला," छोटी म्हणाली.

"सोड."

"सोडला."

हवा गेली. ब्रेक कडक झाला. गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन पैलवानने गाडी जोरात थांबवून पाहिली. कुठेही ओढली नाही.

सोमवारी उजाडताना छोटी गाडी न्यायला आली. बसल्यावर तिने आरसा फिरवला, सीट पुढे घेतली. बायको उंच होती, सीट मागे असायची.

"सावकाश जा," मिस्त्री म्हणाला. "आणि कुत्र्याला सांभाळ."

"भुंकते मी आधी," ती म्हणाली, आणि गेली.

गाडी उभी होती तिथे दवाने ओल्या जमिनीवर तेलाचा डाग आणि चाकांखालचे चार कोरडे चौकोन राहिले. मिस्त्रीने गेट लावून घेतलं. बाहेरून ते अजून हिरवंगार आहे. आतून गंज चढलाय, हाताला लागतो. गेटची आतली बाजू रंगवायची राहिली आहे. डबा त्याने अजून आणलेला नाही.