खिशात राहिलेली कोरणी

मित्रांनो, मी बांबूची कोरणी. वीतभर लांब. एक टोक चमच्यासारखं चपटं, दुसरं अणकुचीदार. मूर्तिकार ओल्या मातीवर माझ्या टोकाने रेघा मारतात, जास्तीची माती खरवडतात, बोट जिथं शिरत नाही तिथं मला घालतात. दिसायला मी काही खास नाही. कान कोरायची काडी वाढली तर कशी दिसेल, तशी.

पण माझ्या मधोमध चार बारीक खड्डे आहेत. त्या दाताच्या खुणा आहेत. माझी गोष्ट म्हणजे त्या खुणांचीच गोष्ट.

मला घडवलं काळुरामबाबांनी. पेणजवळ हमरापूर गाव आहे, तिथं घरोघरी गणपती बनतात. बाबांनी घरामागचा बांबू तोडला, धगीवर शेकला, काचेच्या तुकड्याने तासला, वर खोबरेल चोळलं. त्याच वर्षी त्यांना मुलगा झाला. हरेश. म्हणजे मी आणि हरेश एकाच वयाचे.

बाबांना एक खोड होती. सोंड वळवायला दोन्ही हात लागले की मला खाली ठेवायचे नाहीत, दातात धरायचे. मी तोंडात असतानाच कामगारांवर ओरडायचे. कुणाला एक अक्षर कळायचं नाही.

"बाबा, आधी कोरणी काढा, मंग शिव्या घाला!" कारखान्यातला पोपट नावाचा कामगार म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

माझं काम एकच होतं. चूक पुसायची. साच्यातून मूर्ती काढली की दोन अर्ध्यांचा जोड दिसतो. तो मी घालवायचे. कुठं पोपडा आला, कुठं बोटाचा ठसा राहिला, की मी तिथं हजर. व्यापारी मूर्ती फिरवून फिरवून बघायचे, जोड सापडायचा नाही. मला फार अभिमान वाटायचा. चूक दिसली आणि मी गप्प बसले, असं कधी झालंच नाही.

आणि तिथंच घात झाला.

त्र्याण्णव साल. गणपतीला बारा दिवस राहिलेले. बाबांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता, पण कुणी बोलत नव्हतं. त्या दिवशी ते अडीच फुटी मूर्तीच्या सोंडेवर माझ्या टोकाने नक्षी काढत होते. रेघ हलली. त्यांनी बोटाने पुसली, परत काढली. परत हलली. समोर व्यापारी उभा होता. हरेशने घड्याळ बघितलं.

"सरा बाबा बाजूला," तो म्हणाला. "द्या हिकडं."

आणि त्याने मला बाबांच्या हातातून काढून घेतलं. मागून नाही घेतलं मित्रांनो, काढून घेतलं. चार मिनिटांत नक्षी पूर्ण केली. सरळ, सुंदर. व्यापारी म्हणाला, "वा! पोरगा बापापेक्षा वरचढ निघाला."

बाबांनी बादलीत हात धुतले. कोपरापर्यंत धुतले. टॉवेलने पुसले आणि घराच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर चार वर्षं त्यांनी मातीला बोट लावलं नाही. कारखान्याकडे पाठ करून बसायचे. जेवायचे, झोपायचे, विचारलं तर हूं म्हणायचे. हरेशने खूप केलं. मातीचा गोळा पुढ्यात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तसाच, वाळून तडकलेला.

मी हरेशच्या खिशात होते. मला सगळं माहीत होतं.

सत्त्याण्णव साली मृणालीताई आल्या. पेणच्या एका संस्थेच्या. म्हाताऱ्या माणसांसाठी गावोगाव कलेचे वर्ग काढायचे, आणि त्यासाठी आधी कलाकारांनाच शिकवायचं, असं त्यांचं चाललं होतं. हरेशने लगेच नाव दिलं. त्याच्या डोक्यात एकच होतं. हमरापूरला असा वर्ग निघाला, चार म्हातारे मातीत बसले, तर बाबाही कधीतरी ओट्यावरून उतरतील.

पेणच्या रामवाडीतल्या हॉलमध्ये आठ रविवार शिक्षण. पाच कलाकार. पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या, "तुम्हाला काम येतं, हे मला माहीत आहे. तीच अडचण आहे."

हरेशला राग आला. मलाही.

तिसऱ्या रविवारी त्यांनी सगळ्यांना हातात दोन दोन लोकरीचे मोजे चढवायला लावले, त्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि म्हणाल्या, "चिमणी करा. साठीनंतर बोटं कशी होतात ते बघा." हमरापूरचा नावाजलेला हरेश, पण त्याची चिमणी बटाट्यासारखी झाली. तरी तो खूश होता. घाम गाळून केलेली होती ना. शेजारी प्रणित होता, पाट्या रंगवणारा. त्याने मोजे काढले होते. त्याने मला टेबलावरून उचललं आणि म्हणाला, "थांब रे, चोच नीट करून देतो."

दोन सेकंद लागली. चोच सुरेख झाली.

"ठेव ती!" हरेश ओरडला. "कुणी सांगितलं तुला? माजी हाय ती!"

प्रणित भांबावला. "अरे, चांगलीच केली ना?"

ताईंनी विचारलं, "काय झालं हरेश?"

"काय नाय."

तो मला घेऊन बाहेर गेला आणि नळापाशी बसून राहिला. मुठीत मी ओली झाले होते. नळ बंद होता मित्रांनो.

शेवटची परीक्षा रोह्याला होती. प्रत्येकाने एकेक वर्ग घ्यायचा, ताई मागे वही घेऊन बसणार. अट एकच. समोरच्याच्या कामाला हात लावला, की तुमच्या गावाला वर्गाचं केंद्र मिळणार नाही. त्याने स्वतः मदत मागितली तरी लावायचा नाही. विचारायचं, ऐकायचं, थांबायचं.

नेमकी त्याच दिवशी हरेशची बायको माहेरी. बाबांना आठवड्यात दोनदा चक्कर आलेली. एकटं ठेवणार कसं?

"मी ओट्यावर बरा हाय," बाबा म्हणाले.

"चला बाबा. नुसतं बसा मागं."

गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. हरेशचा हात सारखा खिशात येऊन मला चाचपत होता. मला का आणलं, हे त्यालाही कळत नसावं. सवय.

हॉलमध्ये नऊ म्हातारी माणसं होती. बाबा मागच्या भिंतीला टेकून बसले, दोन्ही हात काखेत. ताईंची वही उघडली.

हरेशने मातीचे गोळे वाटले आणि पहिल्याच वाक्याला आपटला.

"चला, आपण छोटासा गणपती करू!"

हमरापूरचा माणूस. माती म्हटली की त्याला दुसरं काही सुचत नाही.

पुढच्या रांगेत सिपोरा आजी होत्या. रोह्यात पूर्वी ज्यूंची बरीच घरं होती. बहुतेक सगळी इस्रायलला गेली, आजी राहिल्या. त्यांनी गोळा हळूच मागे सरकवला. "नाय रे बाळा. आमच्यात मूर्ती करत नाय. आज शनिवार नाय म्हणून आले हो, शब्बाथला, आमच्या विसाव्याच्या दिवशी, आले नसते. पण तुमचं चालू दे. मी बघत बसते."

ताईंचं पेन वहीवर चाललं. हरेशच्या कपाळावर घाम. मागून बाबा बघत होते.

"चुकलं आजी," हरेश म्हणाला. "तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

आजींनी गोळा परत पुढे ओढला. "मलिद्याचं ताट करू? पोहे, खोबरं, वर फळं. आमच्या घरी नवसाचा मलिदा असला की घर पाहुण्यांनी भरायचं."

"करा की."

"मंग मी मिठाची रास करतो," शेजारचे जनूमामा म्हणाले. जन्म मिठागरात गेलेला. "सोप्पी हाय. नुसता ढीग."

"आळशी कुठला!" आजी म्हणाल्या.

लोक हसले. काम सुरू झालं. मी श्वास सोडला म्हणणार होते, पण तेवढ्यात आजींच्या ताटाची कड बसायला लागली. माती फार ओली होती. एका बाजूने कड उभी, दुसऱ्या बाजूने लोळलेली. आजी उचलायच्या, ती परत पडायची. त्यांची बोटं सांध्यात वाकडी झालेली. तीनदा झालं. चारदा झालं. आजींचा चेहरा उतरत चालला.

मित्रांनो, मला ती कड दिसत होती. खिशाच्या कापडातून दिसत होती म्हणा ना. एक फटका. चपटं टोक आतून लावायचं, गोल फिरवायचं, संपलं. हरेशचा हात खिशात आला. बोटं माझ्याभोवती आवळली. मी अर्धी बाहेर आले.

"तू गणपतीवाला ना?" आजी म्हणाल्या आणि ताट पुढे सरकवलं. "कर की बाबा नीट. माज्या हातात आता काय राहिलं नाय."

ताईंचं पेन थांबलं. हरेशचा हात थांबला. मी अर्धी आत, अर्धी बाहेर. मला बाहेर यायचं होतं, खोटं कशाला सांगू? चूक समोर होती आणि माझा जन्मच त्यासाठी.

हरेशने मला परत आत ढकललं. आणि जमिनीवर आजींसमोर बसला.

"मी केलं तर ते हमरापूरचं ताट होईल आजी. तुमच्या घरचं नाय व्हायचं." "तुमच्या घरचं कसं होतं?"

आजींनी कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चेपलेलं होतं. जोशुआने पाडलेलं लहानपणी. माजा धाकटा." आणि त्यांनी लोळलेली कड तशीच राहू दिली, वर एक खजूर ठेवला.

तेवढ्यात मागून आवाज आला. चार वर्षांत मी तो आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता.

"तवा नाय सुचलं तुला ह्ये?"

सगळे मागे वळले. बाबा उभे होते. हरेश उठला नाही. मान खाली घालून म्हणाला, "नाय सुचलं बाबा. सगळ्यांसमोर केलं मी. चुकलो."

बाबा भिंत धरत धरत पुढे आले. हरेशसमोर थांबले. थरथरता हात पुढे केला.

"खिशात वळवळतेय ती. दे हिकडं."

हरेशने मला दिलं. बाबांनी दोन्ही टोकांना धरलं आणि मी जराशी वाकले. मला वाटलं, संपलं. आता कटकन मोडणार. मोडलं असतं तर चूकही नव्हती. त्यांच्या हातातून मी किती सहज गेले होते त्या दिवशी!

बाबांनी मला तोंडात घातलं. पुढचे दोन दात पडले होते. जिभेने चाचपून त्यांनी जुने खड्डे शोधले आणि उरलेल्या दातांत मला घट्ट धरलं. मग सिपोरा आजींच्या शेजारी मांडी घातली आणि दोन्ही हात मातीत घातले.

"आं... ऊं... आंई आं," ते जनूमामांवर ओरडले.

"काय म्हणतोय ह्यो?" मामांनी विचारलं.

हरेशला रडू आवरेना आणि हसूही. "म्हणतायत, पाणी आणा."

बाबांनी मातीची सोंड वळवली. थरथरत वळवली, कडेकडेने लाटा उठल्या. कुणी त्या पुसल्या नाहीत. हरेशने दोन्ही हात पाठीमागे नेऊन बोटांत बोटं अडकवली होती. नखं पांढरी पडली होती. ताईंनी वही मिटली.

हमरापूरचं केंद्र मंगळवारी भरायचं. बाबा तीन वर्षं आले. त्यातला एकही मंगळवार मी त्यांच्या हातात नव्हते. दातातच असायचे, आणि म्हणून हरेशच्या हाताला लागत नव्हते.

आता बाबा नाहीत. मी हरेशच्या वरच्या खिशात असते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचा हात कापत असेल. पत्ता लिहिताना, सुईत दोरा ओवताना, रांगोळीची रेघ ओढताना. तुमच्या खिशातली कोरणी लगेच वळवळेल. तिला आत ढकला. मला ठाऊक आहे, जड जातं. आणि त्यांनी स्वतः हात पुढे केला, तर मात्र ती त्यांना देऊन टाका. आणि कधी मीच तुमच्या हाती लागले, तर मला घासूनपुसून ठेवताना मधला भाग सांभाळा. तिथल्या खुणा जाऊ देऊ नका.