सावलीत ठेवलेलं समुद्रफूल

माझी नात रम्या हिच्या काचेच्या टाकीत खारं पाणी आहे, एक नारिंगी मासा आहे आणि एक समुद्रफूल आहे. नावाला फूल, खरं तर तो प्राणी. दगडाला पाय चिकटवून बसतो आणि बोटाएवढे, फुगीर कळ्यांसारखे हात हलवत राहतो. नजरबाद भागातल्या हर्षच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून तिने तो आणला तेव्हा डिकाक्शनमध्ये थोडंच दूध घातल्यावर कॉफीला येतो तसा त्याचा रंग होता.

गेल्या आषाढात ऑफिसने तिला तीन आठवडे हैदराबादला पाठवलं. तिचे आईबाप पिरियापट्टणला असतात, घरात आम्ही दोघीच, म्हणून टाकी माझ्या हवाली. जाताना तिने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. माशाला रोज चिमूटभर दाणे घालायचे. पाणी आटलं की कॅनमधलं साधं पाणी रेघेपर्यंत भरायचं. लाइट आपोआप लागतो, आपोआप विझतो, त्याला हात लावायचा नाही. मी ते दोनदा वाचलं. वाचता आलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

आमचं घर रंगाऱ्यांचं. माझ्या पंचेचाळिशीपर्यंत मागच्या अंगणात साड्या रंगायच्या. रंगवलेलं कापड कोणी उन्हात टाकलं तर सासूबाई त्या दिवशी तिच्याशी बोलत नसत. रंग सावलीत टिकतो, उजेडात उडतो, हे मी अक्षरांच्या कितीतरी आधी शिकले. टाकीवरचा लाइट तर डोळे दिपवणारा. दुसऱ्याच दिवशी मला कळ्यांची टोकं फिकी वाटली. मी प्लग काढून ठेवला.

तो प्राणी आणखी फिका झाला, मग पांढरा, मग इतका पांढरा की आरपार दगड दिसावा. त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. कोरं कापडही मळकट असतं, धुऊन धुऊन मळ गेला की खरं उजळतं. शेजारच्या रजनीला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, मल्लिगेच्या गजऱ्यासारखं दिसतंय. फोनवर मी रम्याला सांगितलं, तुझं फूल पहिल्यापेक्षा छान झालंय.

ती येणार त्या सकाळी मी प्लग परत लावला. म्हणजे तिने सांगितलेलं आपण मोडलंय हे मला पक्कं ठाऊक होतं.

रम्याने खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवली नाही. टाकीसमोर गुडघे टेकून बसली.

"हे छान नाही अज्जी, हे उपाशी आहे."

तिने समजावून सांगितलं. तो तपकिरी रंग त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यालाही देतं. ते निघून गेलं की नुसतं पांढरं अंग उरतं. मग तिने सहज विचारलं, "लाइट रोज लागत होता ना, अल्वा?"

"लागत होता की," मी म्हणाले.

तिने पाणी तपासलं. खार बरोबर, उष्णता बरोबर. मग दोष द्यायला दुकानदारच उरला. तिने हर्षला फोनवर कन्नडमध्ये झापलं, आजारी माल गळ्यात मारलास म्हणून. मी पालक निवडत ऐकत होते. तो बिचारा स्कूटरवरून आला, पाणी पुन्हा तपासलं आणि त्यानेही लाइटचंच विचारलं. माझ्या वतीने रम्यानेच सांगितलं, रोज आठ तास. मग लाइटच जास्त झाला असणार, तो म्हणाला, दिवसाला दोनच तास ठेवा, वर कापड टाका.

कापड रम्याने माझ्याकडेच मागितलं. मी जुना पंचा काढून दिला.

दोन दिवसांत तो प्राणी आक्रसून मुठीएवढा झाला. तिसऱ्या सकाळी पाय दगडावरून अर्धा सुटला आणि मधलं तोंड उघडं पडलं. रम्या ऑफिसला गेली नाही. संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर काढून टाकावं लागेल, म्हणाली, नाहीतर पाणी नासून मासाही जाईल.

मी पंचा ओढून काढला.

"लाइट लागतच नव्हता. प्लग मी काढला होता. एकोणीस दिवस."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "आणि हर्षसमोर गप्प बसलीस?" "त्याला तूच सांगायचं," ती म्हणाली आणि उठून कामाला लागली.

उपाशी जीवाला एकदम भरपूर उजेडही सोसत नाही. तिने लाइट मंद करून लावला आणि दर चार दिवसांनी थोडा थोडा वाढवला. दोन दिवसांआड कोळंबीचा तांदळाएवढा तुकडा चिमट्याने कळ्यांवर ठेवायचा. कोळंबी सोलून चिरायचं काम माझ्याकडे आलं. पहिले दोन तुकडे त्याने सोडून दिले. तिसरा धरला, आणि कळ्या सावकाश आत वळल्या. त्या दिवशी आम्ही दोघी बराच वेळ तिथून हललो नाही.

भाद्रपदात कळ्यांच्या बुडाशी चहाच्या डागासारखी छटा दिसली. ते जगलं. हर्षकडे मात्र मी गेले नव्हते. आज गुडघा दुखतोय, उद्या पितृपक्ष, अशी कारणं काढत राहिले. रम्याने एकदाही आठवण करून दिली नाही, ते जास्त लागत होतं.

शेवटी एका मंगळवारी रिक्षा करून गेले. हर्षने स्टूल दिलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. तो रागावला नाही. हातातली जाळी तशीच धरून उभा राहिला.

"अज्जी, त्याच खेपेतली दोन फुलं माझ्याकडे उरली होती," तो म्हणाला. "रम्या म्हणाली माल आजारी आहे. बाकीच्यांना लागण नको म्हणून मी ती काढून फेकून दिली."

कोणत्या रंगाची होती, मी विचारलं.

"तपकिरी. चांगली होती."

गिऱ्हाईक आलं, तो तिकडे वळला. मी पाणी संपवून उठले.

घरी आल्यावर रम्याने विचारलं, काय म्हणाला. त्या दोन फुलांचं मी सांगितलं नसतं तर तिला कधी कळलंही नसतं. मी सांगितलं.