‘वितिम’खालचा खड्डा

सावेली आमच्या टोळीत आला त्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. अंगात कंपनीचा कोरा करकरीत कोट, पायात टायरचे तळवे शिवलेले लोकरीच्या नमद्याचे बूट आणि खिशात वही. बर्फ फोडणाऱ्याला वही कशाला लागते? आमच्या कामाला पहार लागते, कुऱ्हाड लागते आणि कान लागतात. हिशेब लिहिणारे कारकून वर हपिसात बसतात, शेगडीला पाय लावून.

मी निकांदर येगोरिच. तालोव्काच्या जहाजदुरुस्तीच्या आवारात बावीस हिवाळे बर्फ फोडतोय, त्यातले चौदा मुकादम म्हणून. लेना नदी ऑक्टोबरात गोठते ती मे महिन्यापर्यंत हलत नाही. तेवढ्या मुदतीत जहाजांची पोटं दुरुस्त करायची. बाकीच्या गावांत जहाज काठावर ओढून घ्यायला लोखंडी उतार असतो. आमचा उतार नव्वद सालानंतर कोणी तरी भंगारात विकून खाल्ला. तेव्हापासून थंडीच आमची यंत्रसामग्री.

काम तसं सोपं, पण घिसाडघाईचं नाही. जहाजाच्या मागच्या अंगाला बर्फ फोडत जायचा, पण पाण्यापर्यंत नाही. तळाला वीतभर थर ठेवायचा आणि थांबायचं. वरून पन्नास अंशांची थंडी लागली की तो थर खालून वाढतो. मग पुन्हा फोडायचं, पुन्हा थांबायचं. असं करत करत मार्चपर्यंत दोन पुरुष खोल कोरडा खड्डा होतो, चारी बाजूंना बर्फाच्या भिंती आणि मध्ये जहाजाचा पाण्याखालचा पंखा उघडा. एकदा जरी पहार आरपार गेली तरी नदी आत येते आणि अडीच महिन्यांची मेहनत पाण्यात.

हे गावच हिवाळ्याने वसवलं. वरच्या सोन्याच्या खाणींना धान्य नेणाऱ्या होड्या इथल्या वळणात अडकायच्या. नावाडी झोपड्या ठोकून राहायचे आणि रिकामे हात म्हणून होड्या दुरुस्त करायचे. पुढे राज्य बदललं, आवार झालं, दोन हजार माणसं झाली, आवाराचं स्वतःचं न्हाणीघर, पाळणाघर, भोंगा. आता आम्ही एकशेचाळीस उरलोय. दूरच्या शहरातल्या कंपनीने सगळं विकत घेतलं, आणि जहाज चालवण्यापेक्षा ते कापून लोखंड विकण्यात जास्त पैसे सुटतात हे तिच्या लवकर लक्षात आलं. आम्ही एका धक्क्यावर जहाज दुरुस्त करतो, शेजारच्या धक्क्यावर कंपनी तसलंच जहाज कापते. अशा गावात माणूस संशयी होणार नाही तर काय होणार?

त्या हिवाळ्यात आमच्याकडे ‘वितिम’ नावाचा, दुसरी जहाजं ओढणारा एकच टग होता. व्यवस्थापक अल्बीना रोदिओनोव्हनाने डिसेंबरातच सांगून टाकलं होतं, वीस मार्चला नवा पंखा बसलेला दिसला नाही तर ‘वितिम’ कापायला जाईल आणि बर्फ फोडणाऱ्यांची टोळी बंद. म्हणजे मी, फाद्देई आणि आणखी पाच जण घरी. मी चोपन्न वर्षांचा. मला दुसरं काही येत नाही, आणि शिकायची इच्छाही नाही.

आणि नेमका तेव्हाच कंपनीने हा सावेली पाठवला. नदीच्या खालच्या अंगाचं एक आवार कंपनीने गेल्या वर्षी बंद केलं, तिथला. सगळे घरी बसले आणि हा एकटाच इकडे कामाला, तोही कंपनीच्या कोटात.

“कुठे तरी पाणी मुरतंय,” मी फाद्देईला म्हणालो. फाद्देई माझ्यासोबत पहिल्या हिवाळ्यापासून आहे.

“मुरू दे की. काम करतोय ना?”

“काम तर करतोच. सगळे गेल्यावरही करतो. काल पाळी संपली तरी हा खड्ड्यातच. आणि सकाळी बघतो तर तळाचा चुरा हललेला, कडेला नवे टवके.”

“तुला वाटतं तो…?”

“मला काही वाटत नाही. मी फक्त बघतो.”

पण बघितल्यावर गप्प बसणारा मी नव्हे. टोळीच्या कोठीत चहा पिताना एकेकाच्या कानाला लागलो. कंपनीला ‘वितिम’ कापायचाच असेल तर सगळ्यात सोपा मार्ग कोणता? खड्डा बुडवायचा आणि बोट टोळीकडे दाखवायचं. कोठीत चूल सांभाळणारी, आमच्या पहारींना धार लावणारी झोया लुकिनिच्ना आधी हसली. तिसऱ्या दिवशी तिने सावेलीच्या पहारीला धार लावायचं बंद केलं. “स्वतःची स्वतः घास,” म्हणाली, “तुझे मालक देतील की कानस.” त्याने काही न बोलता घासली. न बोलणाऱ्या माणसाचा मला आणखीच राग येतो.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मी ठरवलं, आता रंगेहात धरायचा. दोन दिवस सुट्टी होती. सगळ्यांना लवकर घालवलं, चौकीदाराला बजावलं की खड्ड्याकडे कोणालाही फिरकू द्यायचं नाही. मग एकटा खाली उतरलो. काठावरचं भुसभुशीत हिम फावड्याने खड्ड्यात टाकलं, तळावर हातभर थर केला आणि झाडूने गुळगुळीत केला, जात्याभोवती सांडलेलं पीठ असतं तसा. कोणी उतरलं की ठसा उठणार. स्वतःवर इतका खूश होतो की घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

सोमवारी सकाळी बघतो तर ठसे. टायरचे तळवे. आणि सुकाणूकडचा अर्धा भाग साफ झाडलेला.

टोळी काठावर जमली होती. मी सावेलीला सगळ्यांसमोर धरला.

“काय रे, सुट्टीत काय शोधत होतास खाली? पंखा की भोक?”

“हिम झाडत होतो,” तो म्हणाला. “बर्फाचा चुरा तर रोजच झाडतो, पाळी संपली की. कडाही साफ करतो. शनिवारी आलो तर हा एवढा थर. अर्धा झाडला, तेवढ्यात चौकीदाराने हाकललं. मुकादमाचा हुकूम म्हणाला.”

“रोज झाडतो! ऐका, ऐका. मग सांगितलं का नाहीस कधी?”

“तुम्ही माझ्याशी बोलता कधी, निकांदर येगोरिच?”

कोणी तरी हसलं. मला ते झोंबलं.

सावेलीने वही काढली. “हे बघा. गेले आठ दिवस उणे एकावन्न, उणे त्रेपन्न. इतक्या थंडीत आभाळातून हिम पडत नाही. मग हा थर खड्ड्यात आला कुठून? कोणी तरी टाकलाय. आमच्या आवारात असाच एक खड्डा बुडाला होता, आणि कंपनीला निमित्त मिळालं. इथेही कोणी तरी तेच करतंय.”

सगळे माझ्याकडे बघत होते. उत्तर माझ्या तोंडात होतं. मी टाकलं म्हणालो असतो तर तिथेच संपलं असतं. पण इतके दिवस ज्याला चोर ठरवला त्याच्यासमोर, टोळीसमोर, मान खाली घालायची? मी म्हणालो, “ज्याने टाकलं असेल तो सापडेल. पहारी घ्या.”

“न झाडलेल्या अर्ध्या भागावर नको,” सावेली म्हणाला. “हिमाखाली बर्फ वाढलेला नसणार. ते गोधडीसारखं ऊब धरतं. झाडून ठेवू, चार दिवस थांबू.”

“चार दिवस! मग आणखी चार. मग वीस मार्च. कंपनीने हेच शिकवून पाठवलंय ना तुला?”

हिमाखाली बर्फ वाढत नाही हे तालोव्कातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी ते सावेलीच्या तोंडून आलं होतं, म्हणून ते खोटं होतं. तीन रात्री पन्नास अंश, म्हणजे वीतभर बर्फ नक्की वाढला, हा माझा बावीस वर्षांचा हिशेब. मी उरलेलं हिम झटकलं आणि त्याच भागावर पहिली पहार मीच मारली. एरवी मी प्रत्येक घावाचा आवाज ऐकतो. जाड बर्फ ठणकतो, पातळ बर्फ बद्द वाजतो. त्या दिवशी माझे कान भांडणात होते.

अकराच्या सुमाराला फाद्देईच्या पायाखालून पाणी उसळलं. आम्ही शिडीवरून कसेबसे वर आलो. फाद्देई गुडघ्यापर्यंत भिजला, त्याचे बूट काठावर येईतो दगड झाले होते. पाव तासात खड्डा काठोकाठ भरला आणि पंखा दिसेनासा झाला. वीस मार्चच्या आत नव्याने फोडायला दिवस उरले नव्हते. मी वाकून पाण्याकडे बघत राहिलो आणि मला माझीच शिसारी आली.

दुपारी अल्बीना रोदिओनोव्हनाने बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. खड्डा सावेलीने मुद्दाम बुडवला, सुट्टीत चोरून उतरला, ठसे सगळ्यांनी पाहिले. खाली सहा सह्या. फाद्देईचीही होती.

“टोळीची चूक असेल तर टोळी आजच बंद,” ती म्हणाली. “एकट्याचं कृत्य असेल तर तुम्हाला एका मालवाहू बजऱ्याच्या दुरुस्तीवर लावता येईल, हिवाळा संपेपर्यंत तरी. ‘वितिम’ काही वाचत नाही. सही करा, येगोरिच.”

“सावेलीचं काय?”

“पोलीस बघतील.”

मी कागदाला हात लावला नाही. “टोळीशी बोलून येतो,” म्हणालो.

कोठीत सगळे होते. सावेली दाराजवळ, एकटा, बोचकं बांधत. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. हिम मी टाकलं. ठसे बघायला टाकलं. चौकीदाराला मी बजावलं. त्याने थांबायला सांगितलं आणि मी ऐकलं नाही. सही मी करणार नाही, तुमच्याही सह्या मागे घ्या.

मला वाटलं, आता शिव्या सुरू होतील. मी शिव्यांचीच वाट बघत होतो.

झोयाने चुलीचं दार लावलं. “वर किती वेळ होतास रे हपिसात?”

“का?”

“अर्धा तास होतास. सकाळपर्यंत हा चोर होता. अर्ध्या तासात देव झाला?”

“झोया, मी माझ्या हाताने फावडं…”

“कोणी पाहिलं?” कोपऱ्यातून एकाने विचारलं.

कोणीच पाहिलं नव्हतं. सगळ्यांना मीच घरी पाठवलं होतं.

सावेलीने बोचकं खांद्याला लावलं. तो माझ्याकडे बघत होता, पण त्याच्या नजरेत आभार नव्हते. हा माणूस आता आपल्याला कशात अडकवतोय, एवढंच ती नजर शोधत होती. दार उघडून तो निघून गेला.

फाद्देई चुलीजवळ उघडे पाय शेकत बसला होता. बावीस हिवाळे आम्ही एकाच डब्यातलं खाल्लं. मी त्याच्याकडे वळलो. निदान तो तरी.

“खरं सांग, येगोरिच,” तो हळूच म्हणाला, “टोळी बंद पाडायला त्यांनी तुला काय द्यायचं कबूल केलंय?”

मला राग यायला हवा होता. पण त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं, आणि उत्तर काहीही मिळालं तरी त्यावर विश्वास ठेवला नसता.