फक्त वास

वाइनच्या बाटलीच्या बुचाचा तो बोटभर तुकडा देवरावांनी पुन्हा नाकाशी नेला... एका टोकाला जांभळा डाग, बाकी कोरडा, हलका — आणि वास काहीच नाही. साठीनंतर त्यांचं नाक मंदावलंच होतं. दिवाळीत लेक संघप्रिया भद्रावतीला घरी आली होती, तेव्हा हे बूच तिच्या पर्समधून पलंगाखाली घरंगळलं. परत द्यायचं राहून गेलं, की मुद्दामच ठेवलं, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

समोर वही उघडी होती. सकाळच्या एसटीने नागपूर, तिथून रेल्वेने नाशिक, मग तीन दिवसांत तीन लहान वायनरी — द्राक्षमळ्यातच उभ्या केलेल्या, घरच्याच माणसांनी चालवलेल्या. त्यातल्या दुसऱ्या वायनरीत संघप्रिया वाइन बनवत होती. आपल्या हाताखालच्या टाक्या आईबाबांनी एकदा पाहाव्यात म्हणून हा बेत तिनेच काढला होता. पंधरा दिवस झाले, वहीत एसटीची वेळ तेवढी लिहून झाली होती.

नऊ वर्षं त्यांनी दारूचा थेंब घेतला नव्हता. लोक म्हणत, जिल्ह्यात बंदी आली म्हणून देवरावची सुटली. तसं नव्हतं, बंदीतही दोन वर्षं ते पीत राहिले, लपून, मिळेल ती, मोहाची, शिळी... मग एका पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना पाचव्या, मद्य न घेण्याच्या शीलापाशी जीभ अडली, सगळ्यांचे आवाज पुढे निघून गेले आणि ते एकटेच मागे राहिले. त्या दिवशी सुटली. पण सुटली म्हणजे गेली का? आता तीन दिवस, तीन ठिकाणी कुणीतरी हसून पेला पुढे करणार — माणूस म्हातारा होतो, जीभ होत नाही.

त्या वाया गेलेल्या वर्षांतलं एकच काही त्यांनी जपून ठेवलं होतं. संध्याकाळी कारखान्यातून, म्हणजे कारखान्यातून सुटून कुठे कुठे थांबून, ते घरी येत, तेव्हा संघप्रिया दारातच धावत येऊन बिलगायची. सदऱ्यात तोंड खुपसायची. जग नावं ठेवो, पोरगी जीव टाकते — या एका आधारावर त्यांनी किती दिवस ढकलले होते... दहावीचा निकाल लागला त्या दिवशीही ती अशीच आली होती, आणि पेढ्यांचा पुडा दोघांच्या मध्ये चेपला होता.

नंदिनीबाई खाली बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. फोन वाजला तो त्यांनीच उचलला आणि स्पीकर लावून नवऱ्यासमोर ठेवला. संघप्रिया भराभर सांगू लागली — पहिल्या दिवशी कुठे उतरायचं, थंडीचे कपडे घ्या, दुसऱ्या दिवशी ती स्वतः न्यायला येईल. देवराव लिहीत गेले. दुसऱ्या दिवसापाशी पेन थांबलं.

"मी बाहेर बसतो, बेटा. आईले दाखव तू."

"बाबा, प्यायचं नाईच आहे. फक्त वास घ्यायचा. माझं बी काम तेच आहे. लोकाईले घोट घेऊन समजत नाई ते मले वासानं समजते."

त्यांना एकदम अभिमान वाटला. नागपूरच्या कॉलेजचं नाव येईल अशा अपेक्षेने त्यांनी विचारलं, "कोनं शिकवलं तुले?"

"शिकवलं नाई कोनी. आपल्या दारातच शिकली." भाजीची कृती सांगावी तसं ती सांगत होती. "तुम्ही फाटकापाशी आले का आई मले पुढं धाडे ना. मोहाची हाय का दुकानातली, थोडी का लय... मी जाऊन तिले सांगत होती. मग आई ठरवे, आज बोलाचं का नाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. माफीही नव्हती. नऊ वर्षं त्यांनी या दोन्हींची तयारी करून ठेवली होती, आणि ती तर पुढे रेल्वेच्या डब्याबद्दल बोलू लागली होती.

फोन ठेवून ते नंदिनीबाईंकडे वळले.

"रोज तूच धाडत होती?" त्यांनी विचारलं.

नंदिनीबाईंनी एक खडा वेचला, बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "रोज नाई."

रोज नाही. म्हणजे काही संध्याकाळी ती पाठवलेली आली होती, काही संध्याकाळी आपली आपण... ते एकेक दिवस आठवू लागले — पावसात छत्री घेऊन आलेली, ताप असताना उठून आलेली, दहावीची — आणि प्रत्येक वेळी सदऱ्यावर तोच इवला गरम श्वास, हुंगणारा की बिलगणारा, हे आता कोण सांगणार? तिला विचारलं तर कदाचित तिलाही सांगता येणार नाही.

दुसरा दिवस, त्यांनी वहीत लिहिलं, आणि पुढे वायनरीचं नाव. पेल्याची भीती कुठे गेली होती कळेना. आता धडकी भरत होती ती मळ्याच्या फाटकाशी लेक समोरून चालत येईल त्या क्षणाची, आणि तो क्षण लवकर यावा असं वाटत होतं.