हॉल ठाऊक असलेली बाई

लग्नाची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी हॉलमागच्या लिफ्टचं जाळीचं दार दोन्ही हातांनी ओढलं, आत शिरून पायानं एक फळी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "चाकाची खुर्ची बसते. फक्त पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडाव्या लागतात. बरोबर आणखी एकच जण मावतो, तोही अंग चोरून."

काकूंनी आत डोकावून पाहिलं. लिफ्ट मालाची होती. भिंतींवर खुर्च्यांच्या पायांचे ओरखडे, कोपऱ्यात कुठल्याशा लग्नातल्या वाळलेल्या पाकळ्या. हॉलच्या दर्शनी जिन्याला गालिचा होता, पितळी कठडा होता. लेकीनं शाळेत असतानाच कुणाच्या तरी लग्नात त्या जिन्यावर वरखाली धावत ठरवून टाकलं होतं, आपलं लग्न इथंच. काकूंनी आज त्या जिन्याकडे एकदाच पाहिलं होतं आणि मान फिरवली होती.

"मध्येच अडकली तर?"

"वरच्या मजल्याच्या वीतभर खाली थांबते, म्हणून ही फळी. वीज गेली तर जनरेटर सुरू व्हायला वेळ घेतो. तोवर पाहुणे शिट्ट्या मारतात." बाई जराशा हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "तुमच्या यजमानांच्या ऑक्सिजनच्या यंत्राचं शिट्ट्यांवर भागायचं नाही. भरलेला सिलिंडर जवळ ठेवावा लागेल. ते मी बघते."

"आई, काय बघत बसलीस इथं?"

लेक मागून आली. तिच्या हातातल्या फोनवर कालच्या मुलानं पाठवलेले फोटो होते. तोही लग्नाची व्यवस्था बघणारा; बाई आणि तो, दोघांतलं एक ठरवायचं होतं. मुलगा गोल चष्म्याचा, तोंडानं गोड. घरात त्याचं नाव चष्मेवाला पडून गेलं होतं. या हॉलमध्ये त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. काकूंनी तो विषय काढला तेव्हा म्हणाला होता, "चार भिंती आणि एक स्टेज, काकू. हॉल इथून तिथून सारखेच." पण त्याच्या फुलांच्या कामाचे फोटो काकूंनीसुद्धा पुन्हा पुन्हा पाहिले होते.

"मालाची लिफ्ट कशाला?" लेक म्हणाली. "बाबा काय सामान आहेत? पुढच्या दारानं येतील, सगळ्यांसारखे. नवीन औषध लागू पडतंय, कालच म्हणाले."

"म्हणाले ना. मग झालं तर."

"मी स्टेज बघून येते," असं म्हणून ती गेली. तिच्या चपलांचा आवाज रिकाम्या हॉलभर घुमत लांब गेला.

काकूंच्या यजमानांना सगळे सर म्हणत. शाळेतले नव्हे, गाडी शिकवणारे. गावातल्या अर्ध्या लोकांनी पहिला क्लच त्यांच्या शेजारी बसून दाबला होता. कुणी गाडी भिंतीवर घातली तरी आवाज चढवायचा नाही, ही त्यांची ख्याती. आता आवाज चढवायचा म्हटलं तरी फुप्फुसं साथ देत नव्हती. पलंगाजवळचं यंत्र दिवसभर घरघरत असे आणि सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "इंजिन चालू आहे, पण गाडी न्यूट्रलला."

डॉक्टरांनी काकूंना दाराबाहेर गाठून सांगितलं होतं, फार लांबचे बेत आखू नका. ते वाक्य काकूंनी घरात कुणापुढे काढलं नाही. तारीख अलीकडे घेऊ या, एवढं मात्र एकदा सुचवून पाहिलं. हॉल मोकळा नव्हता. दुसरा हॉल घेऊ म्हटल्यावर सरच आडवे आले होते. "घाईनं उरकलं की पोरगी कारण विचारेल," ते म्हणाले होते, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले होते. म्हणून मग चाकाची खुर्ची, लिफ्ट, सिलिंडर. काकू त्या हॉलच्या मागच्या बाजूनंच लग्नाची तयारी करत होत्या.

लेक पुरेशी लांब गेल्याची खात्री करून काकूंनी खालच्या आवाजात विचारलं, "आणि समजा, ऐन लग्नात काही झालं तर? त्यांना खाली कुठून न्यायचं? म्हणजे... कुणाला न कळता."

बाईंनी दार लावता लावता हात थांबवला. नंतर त्या काकूंना स्टेजमागच्या अरुंद खोलीत घेऊन गेल्या. तिथं एक दिवाण होता, भिंतीत एक जाळीची खिडकी होती, आणि खिडकीतून थेट स्टेज दिसत होतं. लेक त्या स्टेजवर मधोमध उभी होती. कुणी बघत नाही असं समजून तिनं एक गिरकी घेतली आणि पुन्हा फोनमध्ये बघू लागली.

"इथून दिसतं सगळं," बाई म्हणाल्या. "हा दरवाजा मागच्या गल्लीत उघडतो. गाडी दाराला लागते. एकदा एक आजोबा इथूनच नेले मी. पाहुण्यांची जेवणं झाली, हसणं-खिदळणं झालं, कुणाला कळलं नाही."

"आणि नवरीला?"

"संध्याकाळी सांगितलं. घरच्यांनीच तसं ठरवलं होतं." बाईंनी दिवाणावरची चादर उगीच ताठ केली. "ती पोरगी नंतर माझ्याशी बोलली नाही. घरच्यांशीही किती बोलली, कोण जाणे. म्हणून आता मी आधीच विचारून ठेवते. तसं झालं तर सांगायचं की नाही सांगायचं?"

जाळीपलीकडून लेकीनं हाक मारली, "आई, इथं पांढरीच फुलं हवीत हां!" आणि काकू खिडकीपासून मागे सरल्या.

दोघी घरी आल्या आल्या सरांनी उशीला टेकून विचारलं, "बोला. कोण पास, कोण नापास?"

"बाईच ठरवू या," काकू म्हणाल्या. "त्यांना हॉलचा कोपरान् कोपरा ठाऊक आहे."

"बाबा, कोपरे काय करायचेत?" लेक पलंगाच्या कडेवर बसली. "त्यांची फुलं बघितलीत? हॉटेलच्या उद्घाटनासारखी. हे बघा याचं काम."

सरांनी फोन हातात घेतला. एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन, बोटानं मोठा करून पाहिला. दम लागला तेव्हा थांबले, पुन्हा पाहू लागले. यंत्र घरघरत राहिलं.

"चष्मेवाल्याला घे," ते म्हणाले.

लेकीनं त्यांच्या कपाळावर ओठ टेकवले आणि होणाऱ्या नवऱ्याला कळवायला ती गच्चीत गेली. काकू पाण्याचा पेला घेऊन तशाच उभ्या होत्या. गेले कित्येक दिवस आवळून धरलेलं काहीतरी त्यांच्या हातातून सुटत होतं.

"तुम्हाला काही कळतं का?" त्या म्हणाल्या. "त्या पोराला लिफ्ट कुठे आहे ते माहीत नाही. वीज गेली तर काय, ते माहीत नाही. मी आज तिथं दिवाणसुद्धा बघून आले, स्टेज दिसेल असा. पडून बघता आलं असतं तुम्हाला."

"दिसतं का छान?"

"दिसतं."

"ती होती स्टेजवर?"

"होती. गिरकी घेतली तिनं."

सर हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. काकूंनी पाठीवर हात फिरवला. श्वास ताळ्यावर आल्यावर त्यांनी काकूंचं मनगट धरलं. लायसनच्या परीक्षेआधी घाबरलेल्या शिकाऊ माणसाचं धरत, तसं.

"अगं, त्या बाईला हॉल ठाऊक असण्याचा उपयोग कुणाला? एकट्या मलाच ना?"

"मग?"

"मग तोवर हे इंजिन चालत नाही, तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे." त्यांनी दम घेतला. "डॉक्टर तुझ्याशी दाराबाहेर बोलला, पण दार पातळ आहे. पोरीला निदान फुलं तरी मनासारखी मिळू देत."

काकू पलंगावर बसल्या. काही बोलायचं तर आत्ताच, हे त्यांना कळत होतं. नाही हो, असं काय बोलता, बरे व्हाल. रोज जिभेवर असणारं वाक्य. ते आज निघालं नाही. सरांनीही त्याची वाट पाहिली नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले, काकूंचं मनगट मात्र सोडलं नाही.

संध्याकाळी काकूंनी आधी बाईंना फोन केला. "तुमच्याकडे नको असं ठरलंय," एवढंच त्या म्हणाल्या. बाईंनी कारण विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "ताई, लेकीला वेळेवर सांगा." काकूंनी "हो" म्हटलं.

मग चष्मेवाल्याला. तो खूश झाला. पांढरी फुलं, जिन्याचा पितळी कठडा, प्रकाश कुठून सोडायचा, किती तरी बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "आणि काकू, घरात कुणी आजारी, वयस्कर, जिना न चढू शकणारं असेल तर आत्ताच सांगून ठेवा. तशी सोय करायला हवी."

लेक जेवणाची ताटं घेत होती. काकूंनी तिच्याकडे पाठ केली.

"नाही," त्या म्हणाल्या. "तसं कुणी नाही."

मागे ताटं ठेवण्याचा आवाज थांबला. काकूंनी वळून पाहिलं नाही. फोन ठेवला आणि ओट्याची कड धरून उभ्या राहिल्या.

आतून सरांनी विचारलं, "काय म्हणाला गं?"

"पांढरी फुलं नक्की देतो म्हणाला," काकू म्हणाल्या.