धरणाच्या पोटातली वस्ती

चंद्रिका नेमकं काय काम करते हे तिच्या सासरी कुणाला कधी धड कळलं नाही. लसीकरणाची मोहीम संपली, बॅनर उतरले, साहेबांचे सत्कार उरकले, की मग हिनं सोलापुरातल्या ऑफिसात कानाला फोन लावून बसायचं आणि राहून गेलेली लेकरं हुडकायची. सरपंचाला विचारून भागत नाही, हे तिला लवकरच उमगलं होतं. सरपंच काय म्हणणार? आमच्याकडं शंभर टक्के! म्हणून ती हिंडत्या माणसांना फोन करायची. दूधवाले, भंगारवाले, बांगड्यावाल्या. ही युक्ती तिची स्वतःची होती आणि तिला तिचा अभिमानही होता. का नसावा?

उजनीच्या काठावरचा तिचा माणूस म्हणजे ज्ञानबा. मासे धरणाऱ्यांना टेम्पोतून बर्फ नेऊन विकायचा. उन्हाळा लागताना तिनं त्याला विचारलं होतं, "ज्ञानबाकाका, तुमच्या गावात कुणाचं लेकरू गोवराच्या लसीवाचून राहिलंय का हो?"

ज्ञानबानं बायकोला हाक मारून खात्री करून घेतली आणि सांगितलं, "न्हाय ताई. आमच्या गावात एकबी न्हाय."

माणूस खरं बोलला होता. खोटं बोलला असता, तर निदान त्याच्या नावानं बोटं तरी मोडता आली असती.

आज दुपारी ती डबा उघडत होती, तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"ताई, सोजरबाईची पोर गेली परवा. गोवर निघाला हुता."

"कुठली सोजरबाई? काका, तुम्ही तर म्हणाला होता, गावात कुणी..."

"गावात न्हाईच की ती! मासेवाली माणसं हायती. पाणी मागं सरलं की त्येंची खोपटी पुडं सरकत्यात, धरणाच्या पोटात. आमच्या गावात न्हाय आन् पल्याडच्याबी न्हाय. तुमी गावातलं इचारलं, मी गावातलं सांगितलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "खोपटाला लिंबाचा डहाळा बांदलेला मी बगितला हुता, ताई. गोवराच्या घरात जाऊ नये म्हून बर्फ लांबच ठिवला आन् माघारी आलो. तुमची सय झाली न्हाय बगा. झाली असती तर..."

"अय्यो शिवने!" चंद्रिकाच्या तोंडून आईची कानडी बाहेर पडली. तिला आधी त्याचा राग आला, मग स्वतःचा, आणि स्वतःवरचा काही केल्या उतरेना. रोज बर्फ कुणाला विकता, एवढं विचारलं असतं तरी झालं असतं. एवढी साधी गोष्ट सुचू नये? मोठी हुशार! डबा तिनं तसाच झाकून ठेवला.

पण रडत बसायला सवड नव्हती. ज्ञानबा सांगत होता, वस्तीत आणखी लेकरं होती आणि त्यातल्या एकाला ताप भरला होता. पोर गेल्यापासून माणसं धास्तावली होती. उद्या उजाडताच होड्या काढून जागा सोडायची म्हणत होती. एकदा पाण्यावर गेली, की कुठल्या काठाला लागतील कुणाला ठाऊक? आणि वस्तीत चालू फोन एकच होता, सोजरबाईचा; तो नंबर ज्ञानबानंच दिला.

म्हणजे जिची पोर गेली, तिलाच सांगायचं की बाई, दुसऱ्यांची लेकरं धरून ठेव. कुठल्या तोंडानं? तिनं साहेबांना कळवलं, तर उद्याची नर्सबाई ठरवून ते म्हणाले, "तुम्हीच बोला, तुम्हाला जमतं." जमतं म्हणे! चंद्रिकानं नंबर लावला.

"कोन?"

"सोजरताई, मी चंद्रिका. सोलापूरहून बोलतेय, लसीच्या ऑफिसातून. तुमच्या लेकीचं कळलं."

पलीकडं कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती.

"आदी कुटं हुता?" सोजरबाईनं विचारलं. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं.

"चुकलं माझं, ताई. मी गावागावांतलंच विचारत बसले. तुमच्यापर्यंत आलेच नाही." "उद्या सकाळी नर्सबाई लस घेऊन येतील. तापलेल्या लेकराला दवाखान्यात नेतील. तोवर कुणाला जाऊ देऊ नका. तुमच्याशिवाय कुणाला सांगू मी?"

सोजरबाई फोन बाजूला धरून कुणावर तरी ओरडली, "होड्या काडू नगा! उद्या सुई द्यायला बाई येनार हाय!" कुणी म्हातारा कुरकुरला, सुईनं काय हुतंय म्हणून. "माज्याकडं बगा आन् मग बोला," ती म्हणाली.

चंद्रिकानं डोळे पुसले. "लेकरांची नावं सांगता का, ताई?"

"लिवा. शिवू. मग आमच्या दिराचा रावजी, त्यालाच ताप हाय. येडूची धाकटी, तिचं नाव अजून ठिवलं न्हाय. आन् माजी उत्कर्षा. तिला समद्यांच्या शेवटी टोचा बगा. लई भित्री हाय. दुसऱ्यांचं आदी बगितलं, की मग मांडीवर..."

तिच्याजवळची कुणी बाई हलकेच म्हणाली, "सोजर, अगं..."

चंद्रिकानं ते नाव लिहून टाकलं होतं. खोडायला उचललेला पेन तिनं तसाच खाली ठेवला.

"येवडीच हायती," शेवटी सोजरबाईच म्हणाली. "बाईला ह्या खेपेला लवकर यायला सांगा."